घोडबंदर रस्त्यावरचे चार रविवार : एका अमेरिकन बाईंचा फ्रेंच घरगुती स्वयंपाकाचा वर्ग

ठाण्यात स्वयंपाकाच्या वर्गांना तोटा नाही. गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकांचे, दिवाळीच्या आधी चॉकलेटचे आणि बाराही महिने केकचे वर्ग नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत चालू असतात, आणि त्यांतले चार-पाच मी स्वतः पैसे भरून केलेले आहेत. बहुतेक ठिकाणी अनुभव सारखाच येतो: शिकवणारी व्यक्ती झरझर करून दाखवते, आपण भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढतो, आणि घरी आल्यावर तिने न सांगितलेल्या एखाद्या गोष्टीपाशी आपला पदार्थ अडतो. ज्याला एखादी गोष्ट लहानपणापासून येते, त्याला ती सांगायची असते हेच आठवत नाही. 12 जानेवारी 2025 पासून 2 फेब्रुवारीपर्यंत लागोपाठ चार रविवार मी ज्या वर्गाला गेले, तिथे नेमका हा दोष नव्हता, आणि त्याचे कारण शिकवणाऱ्या बाईंच्या आयुष्यात आहे.

बाई अमेरिकन, यजमान फ्रेंच. लग्नानंतर त्या लियोंजवळच्या एका लहान गावात जवळजवळ वीस वर्षे राहिल्या, आणि यजमानांच्या नोकरीमुळे आता घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या पुढे एका गृहसंकुलात राहतात. वर्ग त्यांच्या घरीच चालतो, त्याला नाव नाही, दारावर पाटी नाही; आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून त्याची सूचना फिरते. त्यांच्याच विनंतीवरून मी त्यांचे नाव इथे लिहीत नाही. एका तुकडीत आठ जण, सकाळी दहा ते दुपारी दोन, चार रविवारांचे सात हजार रुपये, त्यात सामान आणि शेवटी सर्वांनी मिळून घेतलेले जेवण आले. शिकवणे इंग्रजीत चालते, त्यात कामचलाऊ हिंदी असते, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींकडून उचललेले ‘थांबा’, ‘पुरे’ आणि ‘करपलं’ हे तीन मराठी शब्द योग्य जागी येतात. मला पहिले नावच घेऊन हाक मारा, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. आमच्यापैकी एकालाही ते जमले नाही, आणि दुसऱ्या रविवारपर्यंत त्या सर्वांच्या ‘ताई’ झाल्या होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. त्या शेफ नाहीत, कोणत्याही पाकशाळेत गेलेल्या नाहीत. सासूबाई आणि दोन शेजारणी यांच्या हाताखाली जे शिकल्या तेवढेच त्या शिकवणार होत्या. अमेरिकन बाई फ्रान्समध्ये जाऊन स्वयंपाक शिकते म्हटले की जाणकारांना फ्रेंच पाककृतींच्या प्रसिद्ध अमेरिकन लेखिका ज्युलिया चाइल्ड आठवतात. त्याही नवऱ्याच्या नोकरीमुळे 1948 साली फ्रान्सला गेल्या, वाटेत रुआँ गावी लोण्यात परतलेला मासा खाऊन भारावल्या, आणि 1949 साली पॅरिसच्या ल कोर्दों ब्ल्यू या शाळेत दाखल झाल्या. तुकडीतल्या एका तरुणाने ही तुलना केली, तेव्हा ताईंनी हसून सांगितले की ज्युलियाबाई शाळेत शिकल्या, आणि आपण मात्र सासूबाईंच्या ओट्यापाशी उभे राहून शिकलो. हे ऐकल्यावर आम्हा पाच बायकांच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटली ती त्यांनाही दिसली असावी. सासरचा स्वयंपाक मोठेपणी, अंदाजाने, कुणी नीट न सांगता शिकावा लागणे ही काय गोष्ट असते, हे आम्हाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या वर्गाचा खरा गुण इथेच आहे. फ्रेंच घरात गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट ताईंना एकदा खटकलेली आहे, त्यामुळे ती कुठे खटकेल हे त्यांना आधीच कळते. अंडी आणि दुधाची खोकी दुकानात फ्रिजबाहेर फळीवर ठेवलेली पाहून त्या पहिल्या आठवड्यात बिचकल्या होत्या. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, त्यामुळे ती थंड ठेवावी लागतात. युरोपात ती न धुता विकतात, आणि दूध अतिउच्च तापमानाला तापवून खोक्यात बंद केलेले असते. आम्हाला यात आश्चर्य वाटले नाही, कारण आमचा वाणी अंडी दारातच रचून ठेवतो. उलट प्रत्येक पिशवीचे दूध घरी आणून पुन्हा उकळण्याची आमची सवय त्यांना अजून पुरती समजलेली नाही.

पहिला रविवार विनेग्रेत या साध्या सॅलडच्या मिश्रणाचा होता, आणि माझ्या मते चारही दिवसांतला तोच सर्वांत उजवा. एका वाडग्यात एक चमचा व्हिनेगर, त्यात मीठ, आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळणे. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी. मग दिजों मोहरीची पेस्ट, आणि शेवटी तीन चमचे तेल, बारीक धारेने, हात न थांबवता. मोहरी तेल आणि आंबट पाणी यांना एकत्र धरून ठेवते, त्यामुळे मिश्रण दाटसर पिवळे होते आणि पानांवरून ओघळून जात नाही. बाटलीतून ओतायचे तयार ड्रेसिंग अमेरिकेत घरोघरी असते. ताईंनीही लग्नानंतर ते शोधले होते, आणि सासूबाईंनी काही न बोलता कपाटातून मोहरीची बरणी काढून समोर ठेवली होती. 2022 मध्ये फ्रान्सभर या मोहरीचा तुटवडा पडला, कारण तिचे बी मोठ्या प्रमाणावर कॅनडातून येते आणि तिथे आदल्या वर्षी उष्णतेने व अवर्षणाने पीक गेले होते. तेव्हा दुकानांनी माणशी एकच बरणी द्यायला सुरुवात केली, आणि शेजारणींची आपापसातली देवाणघेवाण साखरेऐवजी मोहरीची झाली.

वर्गात वापरलेली बरणी आयात केलेली होती आणि तिची किंमत ऐकून दोघींनी वही बंद केली. तेव्हा मी धीर करून विचारले की ही मोहरी म्हणजे आमची राईच का. ताईंना वनस्पतीचे नाव माहीत होते. दिजोंसाठी वापरतात ती तपकिरी मोहरी आणि आपल्या फोडणीची राई या एकाच जातीच्या. मग मी त्यांच्या ओट्यावर मोहरी फेसून दाखवली. आमच्या आईकडे केळ्याच्या रायत्यात ती हमखास असे: दोन चमचे मोहरी खलात बारीक करायची, चिमूटभर मीठ आणि चमचाभर पाणी घालून घोटायची, आणि वास नाकात चढून डोळ्यांत पाणी आले की ती फेसली गेली असे समजायचे. ताईंनी खलावर नाक नेले आणि झटक्याने मागे घेतले. त्यांनी त्यात भर घातली ती अशी की मोहरीचा तिखटपणा कोरड्या दाण्यात नसतो, दाणा फुटून पाणी मिळाले की तो तयार होतो आणि आंबटपणा त्याला थोपवून ठेवतो. म्हणून व्हिनेगर पाण्यानंतर काही मिनिटांनी घालावे, आणि ताज्या मोहरीची कडवट चव जाण्यासाठी बरणी रात्रभर तशीच ठेवावी. चौथ्या रविवारी मी अशी एक बरणी नेली. ती आयात बरणीइतकी गुळगुळीत नव्हती, पण विनेग्रेत फुटले नाही, आणि त्या दिवशी आयात बरणी कपाटातून बाहेर आलीच नाही.

त्याच दिवशीचे मसुराचे सॅलड मात्र सर्वांना तितके रुचले नाही. फ्रान्समध्ये ल प्वी भागातली हिरवट, बारीक मसूर प्रसिद्ध आहे. तिथल्या मातीशी बांधलेले संरक्षित नाव 1996 साली तिला मिळाले. ताई त्याजागी ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातला अख्खा मसूर वापरतात. एका कांद्याला दोन लवंगा टोचून तो, गाजराचे तुकडे आणि तमालपत्र यांच्यासोबत मसूर उघड्या पातेल्यात मंद शिजवायचा, दाणा फुटू द्यायचा नाही, आणि निथळून गरम असतानाच विनेग्रेत घालायचे, कारण गार झालेला दाणा आंबटपणा आत घेत नाही. सांगली-इस्लामपूरकडचा झणझणीत अख्खा मसूर ज्यांच्या तोंडात बसला आहे त्यांना हे आजारी माणसाचे जेवण वाटू शकते, आणि आमच्या तुकडीतल्या कऱ्हाडच्या एका गृहस्थांनी ते तसे बोलूनही दाखवले. मला ते डब्यात न्यायला फार सोयीचे वाटले. कुकरचा विषय निघाला तेव्हा एक गमतीची माहिती मिळाली. फ्रेंच घरात कुकर 1953 पासून चांगलाच रुळला आहे, त्याला ‘कोकोत-मिन्यूत’ म्हणतात, पण तिथे शिट्ट्या मोजत नाहीत. झडपेतून वाफेचा सलग फुसफुसाट सुरू झाला की घड्याळ लावतात. ताई कुकरला इतक्या घाबरत की सासूबाईंनी तो लावला की त्या अंगणात जात असत. आता त्यांच्या मावशी तीन शिट्ट्या म्हणतात तेव्हा ती किती मिनिटे, हा त्यांचा न सुटलेला प्रश्न आहे, आणि आम्हा आठ जणांना मिळूनही त्याचे एकमुखी उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या रविवारी साय आली. फ्रेंच पाककृतींत जागोजागी लागणारी क्रेम फ्रेश ही आंबवलेली दाट साय आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि मिळाली तर परवडत नाही. अमेरिकेतले सावर क्रीम तिच्या जवळचे दिसते, परंतु त्यात स्निग्धांश कमी असल्याने ते गरम रस्स्यात घातले की फाटते. क्रेम फ्रेशमध्ये तो तीस टक्के किंवा अधिक असतो, त्यामुळे ती उकळीतही टिकते. ताईंनी हे स्वतःचा रस्सा फाटून, पाहुण्यांसमोर शिकलेले आहे. ठाण्यात आल्यावर त्या पंचवीस टक्के स्निग्धांशाच्या खोक्यातल्या क्रीममध्ये चमचाभर दही घालून ते रात्रभर ठेवू लागल्या, आणि हा आपला शोध त्यांनी आम्हाला मोठ्या उत्साहाने दाखवला. आम्ही एकमेकींकडे पाहिले. सायीला विरजण लावणे ही गोष्ट आमच्याकडे लोणी काढणारी प्रत्येक बाई एक दिवसाआड करत असते. फरक एवढाच, की आम्ही पुढे रवी लावून तिचे लोणी करतो आणि फ्रेंच बाई लोण्याच्या अलीकडेच थांबते. घरी मी पिशवीच्या म्हशीच्या दुधाची चार दिवसांची साय विरजून पाहिली. ती खोक्याच्या क्रीमपेक्षा दाट झाली, रस्स्यात फाटली नाही, आणि तिचा आंबटपणा अधिक सौम्य होता. चारशे ग्रॅम आयात डबीच्या किमतीत माझ्या घरी महिन्याचे दूध नाही तरी आठवड्याचे नक्की येईल.

या सायीचा उपयोग ग्रातँ दोफिन्वा या बटाट्याच्या पदार्थात केला. आल्प्सच्या पायथ्याच्या दोफिने प्रांतातला हा पदार्थ 1788 पासून लेखी नोंदीत आहे, आणि करायला अगदी सोपा आहे: बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, मीठ आणि जायफळ, भट्टीत तासभर. चकत्या कापल्यावर धुवायच्या नाहीत, कारण त्यांवरच्या पिठामुळेच दूध आटून दाट होते. आपण बटाटा कापला की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो, आणि ताईंना ते दोन वेळा थांबवावे लागले. ‘थांबा’ हा शब्द त्यांना का लागतो ते त्या दिवशी कळले. जायफळ पुरणात आणि श्रीखंडात घालणाऱ्या हाताला ते बटाट्यात घालताना चमत्कारिक वाटते, परंतु चव जमते. ताईंनी पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा अमेरिकन सवयीने वरून भरपूर चीज किसले होते. सासूबाई सर्व जेवल्या, छान झाले म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणी मागितलेले नसताना, चीजशिवायचा ग्रातँ करून टेबलावर ठेवला. ही हकिगत ऐकून आमच्यातल्या एक काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

तक्रारीही इथूनच सुरू होतात. आठ जणांच्या वर्गाला एकच मध्यम आकाराची भट्टी आहे. ग्रातँचे दोन ट्रे एकामागून एक भाजायचे म्हटल्यावर दुपारचे अडीच वाजले, आणि मधल्या वेळेत शिकवण्यासारखे काही योजलेले नव्हते. वर्ग दोनला संपतो असे समजून माझ्या यजमानांनी रिक्षा ठरवली होती, तिचे थांबण्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे वाहतुकीचा काय हिशेब असतो हे ठाणेकरांना सांगायला नको. स्टेशनकडून येणाऱ्याने दहाचा वर्ग गाठायला नऊला निघालेले बरे.

दुसरी तक्रार छापील कागदांची आहे. बहुतेक कृती ग्रॅममध्ये आहेत, पण तीन-चार ठिकाणी ताईंच्या जुन्या अमेरिकन वहीतली मापे तशीच राहून गेली आहेत. ‘अर्धी स्टिक लोणी’ हे वाचून एका मुलीने दालचिनीची कांडी लोण्यात घालायची का, असे विचारले. अमेरिकेत लोणी 113 ग्रॅमच्या कांड्यांत विकतात, त्यामुळे अर्धी म्हणजे साधारण 57 ग्रॅम. हे कळण्यासाठी पंधरा मिनिटे गेली. भट्टीचे तापमानही कुठे फॅरनहाइटमध्ये, कुठे सेल्सिअसमध्ये, आणि सासूबाईंच्या कृतीत ‘थर्मोस्टॅट 6’ असे आहे. हा आकडा तीसने गुणला की सेल्सिअस मिळते, म्हणजे 180. अमेरिकन 350 फॅरनहाइटही जवळपास तेवढेच. ही युक्ती उपयोगाची आहे, पण ती तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर असायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी, म्हणजे 26 जानेवारीला, संकुलातले झेंडावंदन आटोपून आम्ही वर गेलो आणि दह्याचा केक केला. फ्रान्समधले मूल बहुधा हाच केक पहिल्यांदा करते. त्याचे नाव गातो ओ याऊर्त, आणि त्याची गंमत अशी की त्याला तराजू लागत नाही. दह्याची एक छोटी डबी रिकामी करायची आणि तीच माप म्हणून वापरायची: एक डबी दही, दोन डब्या साखर, तीन डब्या मैदा, अर्धी डबी तेल, तीन अंडी आणि बेकिंग पावडरीची एक पुडी. लग्न होऊन गेलेल्या ताईंनी बॅगेतून अमेरिकन मापाचे कप नेले होते. सासूबाईंचा एरवीचा सगळा कारभार तराजूवर चालत असे, त्यामुळे त्या कपांना घरात काम उरले नव्हते. आणि ज्या दिवशी सासूबाईंनी तराजू बाजूला सारून दह्याची डबी हातात घेतली, त्या दिवशी त्यांच्याशी आपले जमेल असे ताईंना पहिल्यांदा वाटले. आम्हाला ही डबी पाहताच वाटी आठवली. एक वाटी रवा, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी, असे सांगणाऱ्या आईला कोणती वाटी असे विचारले तर ती म्हणते, कोणतीही, पण एकच.

हे ‘कोणतीही, पण एकच’ मी घरी येऊन जसेच्या तसे मानले आणि फसले. माझ्याकडे दोनशे ग्रॅम दह्याचा कप होता. त्याच कपाने दही, साखर, मैदा, तेल घेतले. तीन अंडी फोडली. बेकिंग पावडर अडीच चमचे घातली. केक वर आला, मधोमध खचला आणि खाली ओला लगदा राहिला. दोन दिवस मी भट्टीला दोष दिला. मग कागद पुन्हा वाचला आणि चूक दिसली. फ्रेंच डबी 125 ग्रॅमची असते आणि पुडीत 11 ग्रॅम पावडर असते. डबी मोठी झाली की दही, साखर, मैदा, तेल सर्व तिच्यासोबत वाढतात, परंतु अंडी आणि पुडी आकड्यांत लिहिलेली असल्याने तेवढीच राहतात. दोनशेच्या कपाला पाच अंडी आणि सतरा-अठरा ग्रॅम पावडर लागली असती. शिऱ्यात असे काही नसते; तिथे सगळेच वाटीवर असते. चौथ्या रविवारी मी हे ताईंना सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. वीस वर्षांत आपण एकाच आकाराची डबी वापरत आलो, म्हणून हे कधी लक्षात आले नाही, असे त्यांनी मान्य केले आणि कागदावर तिथल्या तिथे पेनाने 125 लिहिले. सांगण्याच्या गोष्टी त्यांच्याही नजरेतून सुटू शकतात, म्हणजे फ्रान्समध्ये त्या आता पुरेशा मुरल्या आहेत.

अंडी न खाणाऱ्यांनी मात्र या वर्गाबाबत आधी नीट चौकशी करावी. आमच्या तुकडीत दोघी अंडे न खाणाऱ्या होत्या, आणि त्यांना पर्याय दिला जाईल असे नोंदणीच्या वेळी सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी अंड्याऐवजी जास्तीचे दही आणि सोडा घालून केलेला केक विटेसारखा झाला. ताईंनी त्याची जबाबदारी घेतली, पण सात हजार रुपये भरणाऱ्याला प्रयोगात सहभागी करून घेणे योग्य नव्हे. बिनअंड्याच्या केकमध्ये ठाण्यातल्या कितीतरी गृहिणींचा हात त्यांच्यापेक्षा तयार आहे; त्यांच्यापैकी एखादीला त्या दिवसापुरते बोलावले असते तरी चालले असते.

बाजाराची फेरी ऐच्छिक होती आणि तिचे वेगळे पैसे नव्हते. एका शनिवारी सकाळी आम्ही चौघी ताईंसोबत जांभळी नाक्यावर गेलो. फ्रान्समधल्या आठवडी बाजारात गिऱ्हाइकाने फळाला हात लावायचा नसतो. आधी ‘बाँजूर’ म्हणायचे, मग विक्रेता विचारतो की खरबूज आज खायचे आहे की उद्या, आणि त्याप्रमाणे तो स्वतः निवडून देतो. अमेरिकेत ढिगातून स्वतः निवडण्याची सवय असलेल्या ताईंना पहिल्या दिवशी एका बागवानाने चांगलेच सुनावले होते. जांभळी नाक्यावर वांगी दाबून, भेंडीची टोके मोडून पाहणाऱ्या बायका बघून त्यांना जुने दिवस आठवले असतील. पण ‘आज की उद्या’ हा प्रश्न आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घेताना आंबेवाला आधी हेच विचारतो, आणि तेव्हा आपणही आंब्याला बोट न लावता त्याच्यावर विश्वास टाकतो.

शेवटचा रविवार 2 फेब्रुवारीला आला. त्या दिवशी फ्रान्समध्ये शांदलर हा सण असतो आणि घरोघरी क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, करतात. एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचा क्रेप उलटवला आणि तो तव्यातच पडला तर वर्ष बरकतीचे जाते, असा समज आहे. आमच्यापैकी तिघांचे वर्ष बरे जाईल. कऱ्हाडच्या गृहस्थांचा क्रेप चिमणीच्या जाळीला अडकला. ब्रिटनी प्रांतातली खारी गालेतही केली. ती बकव्हीटच्या पिठाची, म्हणजे आपल्याकडे उत्तरेतले लोक नवरात्रात खातात त्या कुट्टूच्या पिठाची असते, आणि ते पीठ ताईंना ठाण्यात सहज मिळाले. तिचे पातळ पीठ, जाळी पडलेला पोत आणि कडेने सुटणे पाहून मालवणकडच्या काकूंनी हे घावनच आहे असा निकाल दिला, आणि ताईंचे पीठ पसरण्याचे लाकडी फिरवणे बाजूला ठेवून नुसता तवा गोल कलवून त्यांच्याहून पातळ गालेत काढली.

त्या दिवशी टेबलावर बसून पूर्ण जेवण झाले. आधी किसलेल्या गाजराचे सॅलड, जे आपल्या कोशिंबिरीचे बिनफोडणीचे भावंड आहे, मग गालेत, मग हिरवी पाने, त्यानंतर चीज आणि शेवटी गोड. पाव ताटात न ठेवता थेट टेबलाच्या कापडावर ठेवतात, हे आमच्या एका सोवळ्या मैत्रिणीला पटले नाही. चीजबाबत मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. मॉलमधून आणलेला आयात चीजचा तुकडा आठ जणांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला लिमलेटच्या गोळीएवढा आला. शुल्काचा काही भाग त्यात गेला असणार, आणि तो गेला नसता तरी कुणाचे काही अडले नसते.

त्या जेवणात मला सर्वांत वेगळे वाटले ते हे की ताई सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमच्यासोबत बसून होत्या. फ्रेंच घरचा बराचसा स्वयंपाक आधी करून ठेवण्याचा, भट्टीत किंवा पातेल्यात आपापला शिजणारा असतो, आणि यजमानीण उठून गेली तर गप्पा थांबतात म्हणून तो मुद्दाम तसा बेतलेला असतो. आपल्याकडे पोळी तव्यावरून ताटात यावी लागते, त्यामुळे ती लाटणारी बाई पंगतीत नसते. गालेत तव्यावरच्याच असल्याने त्या दिवशी हा प्रश्न आलाच. ताईंनी सर्व गालेत आधी करून, कापडात गुंडाळून, झाकून ठेवल्या होत्या. त्या थोड्या मऊ पडल्या होत्या. मालवणच्या काकू गरम घावन करून देते म्हणून दोनदा उठल्या आणि दोन्ही वेळा ताईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले. घरी मी हे एकदा करून पाहिले, म्हणजे सगळ्या पोळ्या आधी करून सगळ्यांसोबत जेवायला बसले. मुलाच्या लक्षात आले नाही. यजमानांच्या आले, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पोळ्या करून दाखवल्या नाहीत.

ज्यांना रेस्तराँसारखी सजवलेली ताटे, क्रोआसाँ किंवा मॅकरून शिकायचे आहेत त्यांनी या वर्गाला जाऊ नये. तिथे त्यातले काहीही नाही. ज्यांना रोजच्या स्वयंपाकात चार वेगळ्या गोष्टी हव्या आहेत आणि त्या का तशा करतात हे विचारायची सवय आहे, त्यांना सात हजार रुपये जास्त वाटणार नाहीत. मी स्वतः मोहरी, सायीचे विरजण आणि मसूर एवढे तीन पदार्थ कायमचे उचलले आहेत. उन्हाळ्यात ठाण्याच्या उकाड्यात लोणी ओट्यावर टिकत नाही म्हणून एप्रिल-मे वर्ग बंद असतो, आणि पावसाळ्यात पुन्हा सुरू होतो. जाताना झाकणाचा डबा न्यावा, कारण उरलेले अन्न ताई प्रत्येकाला बांधून देतात. आणि दुपारच्या रिक्षाला दोनऐवजी तीनची वेळ द्यावी.